आवाज बंद करून पाहिलेलं जग

बशीरचाचा, आधी तक्रार. बाकीचं नंतर. भांडण असं अर्धवट टाकून कोणी जातं का? सोमवारी आपलं वाजलं, मंगळवारी मी तुमच्या दारावरून न बोलता ड्यूटीला गेले, आणि बुधवारी सकाळी तुम्ही गेलात. मी तुम्हाला ऐकवायला म्हणून जी वाक्यं तयार ठेवली होती, ती सगळी तशीच राहिली. चाळीस दिवस झाले, अजून ती घेऊन फिरते आहे. बसमध्ये पुढे सरका, पुढे सरका म्हणताना मध्येच एखादं आठवतं आणि तोंडातल्या तोंडात तुम्हाला सुनावते. गेल्या आठवड्यात एका आजोबांना वाटलं मी त्यांनाच बोलले. ते बिचारे उतरेपर्यंत पुढे सरकत राहिले.

भांडण कशावरून होतं ते आपल्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. येरवड्यातल्या खोल्या, भिंती पातळ. माझी मयूरी बारावी सायन्सला बसली होती. पुढे काय, तर मी म्हणत होते इंजिनिअरिंग, ती म्हणत होती इतिहास. आणि तुम्ही, शेजारच्या खोलीत एकटे राहणारे, सातवी शिकलेले, बंद पडलेल्या टॉकीजचे रिटायर ऑपरेटर, तुम्ही तिच्या बाजूने. हे खूळ तिच्या डोक्यात चाचांनीच भरलं, असं मी चार लोकांत बोलून दाखवलंय. आजही तेच वाक्य बोलते, फक्त आता मान ताठ ठेवून बोलते. मधे काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. पहिलं अर्धं पुन्हा ऐकावं लागेल, पण तुम्हाला काय, एकच पिक्चर दिवसातून चारदा बघायची सवय.

मयूरी सातवीत होती तेव्हा इतिहासात कशीबशी काठावर पास व्हायची. मी वाघोलीच्या रूटवर कंडक्टर, तिचे बाबा कंपनीत, पाळीवर. पोरगी शाळेतून दुपारी एक वाजता घरी यायची, तेव्हा घरी कोणी नसायचं. तुम्हीच म्हणालात, माझ्याकडे बसू दे. मी हो म्हणाले, पण मनातून घाबरत होते. आम्ही वर्ध्याकडची माणसं, पुण्यात आमचं कोणी नाही, तुमची बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पहिल्या आठवड्यात मी वेळ चुकवून दोनदा मध्येच घरी येऊन गेले. तुम्ही ओळखलंत. दार सताड उघडं ठेवून पलंग दारासमोर ओढून घेतलात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्खी खोली दिसावी. त्याबद्दल कधी बोलला नाहीत. मीही नाही बोलले, ते आज बोलते. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली होती.

एका दुपारी ती पुस्तकातून औद्योगिक क्रांती घोकत बसली होती. तुम्ही विचारलंत हे काय आहे, तिला सांगता येईना. मग तुम्ही जुन्या बाजारातून एक सीडी शोधून आणलीत. परदेशातली कापड गिरणी, आणि चालू मागाच्या खाली सरपटत जाऊन कापूस गोळा करणारी सात-आठ वर्षांची पोरं. संध्याकाळी मी घरी आले तर मयूरी मला विचारायला लागली, आई, तू लहानपणी काम करायचीस का? मी म्हटलं, कापूस वेचायचे. तर म्हणाली, मग तो कुठे जायचा? बाप्पा, इतक्या वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आम्ही दोघी त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता माझ्या बापाच्या शेतापासून निघून कुठल्या कुठे जाऊन आलो.

तुमची पिक्चर निवडायची रीत मात्र जगावेगळी. सीडी आणली की आधी तुम्ही एकटे बघायचात, तेही आवाज पूर्ण बंद करून. मला वाटलं कान गेले. मग कळलं की अख्खी नोकरी तुम्ही पिक्चर तसेच पाहिले होते. टॉकीजच्या केबिनमध्ये मशिनांची घरघर एवढी, की आतल्या माणसाला संवाद ऐकू येत नाहीत. एवढ्याशा काचेच्या खिडकीतून दिसेल ते बघायचं. सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागायचे, ती भाषा तुम्हाला येत नव्हती, आणि आली असती तरी ऐकू आली नसती. म्हणून तुम्ही माणसांचे हात बघायला शिकलात. कोण बसतो, कोण उभा राहतो, कोणाला पाहून कोण गप्प होतो. एवढं मुक्याने कळलं तर पिक्चर मयूरीला दाखवायच्या लायकीचा. राजे-राण्या नुसत्याच बोलत बसल्या की सीडी बाहेर आणि कव्हरवर पेनने फुली. फुली मारलेल्यांचा ढीग पास झालेल्यांच्या दुप्पट होता.

मयूरीलाही पहिला अर्धा तास आवाज मिळायचा नाही. तिने सांगायचं, काय चाललंय. मग आवाज लावायचा आणि आपलं किती चुकलं ते बघायचं. मेजवानीचा सीन आला की तुम्ही हमखास थांबवायचात. टेबलावरच्या मोठ्या माणसांत तुम्हाला रस नसायचा. मागे ताटं घेऊन उभा असलेला माणूस दाखवून तिला विचारायचात, हा घरी जाऊन काय जेवला असेल? पिक्चर तर ते सांगत नाही. मग पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेच्या लायब्ररीत जाऊन बसायची. तिथल्या बाईंनी मला पालकसभेत विचारलं होतं, तुमच्या घरी कोणी प्राध्यापक आहेत का. मी म्हटलं, आहेत, शेजारी.

आता त्या रिळाची गोष्ट. चाचा, ही तुम्हाला आवडत नाही, पण हिच्याशिवाय तुमचं काहीच सांगता येत नाही.

मयूरी आठवीत होती. फ्रान्सच्या क्रांतीवरचा एक जुना पिक्चर तुमच्या टॉकीजला आठवडाभर चालला होता, त्याची सीडी काही मिळेना. म्हणून तो एवढा एक तुम्ही तिला तोंडी दाखवलात. लोक खवळले, राजवाड्यात घुसले, राजाला पकडलं, मुंडकं उडवलं. आणि मग शहरातली भाकरी संपली, बायका रिकाम्या टोपल्या घेऊन रस्त्यावर आल्या. थोडक्यात, राजा मारला म्हणून जनता उपाशी मेली. तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, की पोरीने पुस्तक उघडून बघायची तसदी घेतली नाही. परीक्षेत तसंच लिहिलं, भरपूर लिहिलं, पुरवणी जोडून लिहिलं.

तिच्या इतिहासाच्या मॅडम पक्क्या पुण्याच्या. आवाज न चढवता सालटी काढणाऱ्या. त्यांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, आपल्यात इतिहासकार बसल्या आहेत हे आम्हाला कळवलं असतंत तर आम्ही पुस्तकं बदलून घेतली असती. अख्खा वर्ग हसला. मयूरी घरी आली ती तुमच्याकडे गेलीच नाही. आमच्या खोलीत कुलूप उघडून एकटी बसून राहिली. मी आले तेव्हा एवढंच म्हणाली, चाचा खोटं सांगतात. मी तशीच तडक तुमच्या दारात आले आणि नको नको ते बोलले. पिक्चरच्या नादात पोरीची शोभा केलीत, उद्यापासून ती येणार नाही. तुम्ही फक्त विचारलंत, आधी भाकरी संपली असं पुस्तकात आहे का? मी म्हटलं, मला काय विचारता, मला तरी कुठे येतं.

पुढचे तीन रविवार तुम्ही जुन्या बाजारात काढलेत. चौथ्या रविवारी ती सीडी घेऊन आलात, आणि पायऱ्यांवर उभं राहून मयूरीला हाक मारलीत. ती जायला तयार नव्हती, मीच म्हटलं, जा, बघून ये, नंतर नको जाऊस. मीही मागून गेले. तुम्ही आवाज लावलाच नाहीत. भाकरीच्या दुकानासमोरची रांग आली, रिकाम्या टोपल्या आल्या, आणि राजा अजून जिवंतच होता. तुम्ही मान पुढे काढून बघत होतात. मग तुम्ही कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, रीळ.

आम्हाला काही कळेना. मग तुम्ही समजावलंत. पिक्चरची रिळं पत्र्याच्या डब्यांतून यायची, एका गावच्या टॉकीजमधून दुसऱ्या गावच्या. आधीच्या ऑपरेटरने परत भरताना सहाव्याच्या डब्यात सातवं आणि सातव्याच्या डब्यात सहावं कोंबलं असणार. तुम्ही डब्यावरचा नंबर बघून लावत गेलात. त्या सहाव्या रिळात राजा कुठे दिसतच नाही, नुसते रस्ते आणि बायका, म्हणून शंका यायला जागा नव्हती. संवाद तर ऐकूच येत नव्हते. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही डोक्यात उलटी क्रांती घेऊन फिरत होतात.

दुसरा कोणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. तुम्ही ईदला घालायचा पांढरा कुर्ता काढलात आणि मला म्हणालात, कंडक्टरबाई, उद्या सुट्टी टाका, शाळेत जायचंय. मी म्हटलं, जाऊ द्या ना, झालं गेलं. ऐकाल तर ते तुम्ही कसले.

मॅडमनी आधी वर्गात सोडायला नाही म्हटलं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात अर्धा तास उभे राहिलात. मग त्यांनाच अवघडलं असेल. मी दाराशी थांबले. मला वाटत होतं, आता पुन्हा वर्ग हसणार आणि माझी पोरगी बाकाखाली जाणार. तुम्ही फळ्यासमोर उभे राहून, मराठीतच, सावकाश सांगितलंत: "मी डब्यावरचा नंबर बघून रीळ लावलं. आतलं चित्र बघून लावायला पाहिजे होतं. मयूरीचं काही चुकलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, चूक माझी आहे."

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, मग आठवडाभर पब्लिकला काहीच कळलं नाही का? तुम्ही म्हणालात, नाही, तक्रार आली होती, पण पंख्याची. तेव्हा मात्र वर्ग हसला, मॅडमसकट. त्यांनी स्वतः खुर्ची उचलून तुमच्यासाठी पुढे आणली आणि तासभर तुमच्याकडून केबिनच्या गोष्टी वदवून घेतल्या. मयूरीचे मार्क वाढवले नाहीत, ते अपेक्षितही नव्हतं. पण नंतर कुठलाही मोठा धडा आला की तिच्याकरवी तुम्हाला निरोप यायचा, याच्यावर काही दाखवण्यासारखं आहे का. सातवी पास माणसाला. चाचा, मी त्या दिवशी त्या दारात उभी होते ना, मला माझ्या लग्नातही इतकं मिरवावंसं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मयूरी बदलली. मी ड्यूटीवरून तिकीट मशीनच्या कागदाच्या रोलचे उरलेले शेवट आणायचे. त्या लांब पट्टीवर ती पिक्चरमध्ये जे जसं घडलं ते ओळीने लिहायची. मग पुस्तकं काढून बघायची, आधी काय आणि नंतर काय, आणि पट्टी कात्रीने कापून पुन्हा चिकटवायची. कुठल्या पिक्चरने दोन लढायांची एकच केली, कुठे मेलेला सेनापती आणखी दहा वर्षं जगवला, सगळं पकडायची. तुम्ही निवडून दिलेल्या पिक्चरलाही ती नापास करायला लागली. तुम्हाला राग येईल असं मला वाटलं होतं, पण तुम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्याला जाऊन सांगत होतात, पोरीने आज माझा अजून एक पाडला.

एक पिक्चर मात्र तुम्ही मयूरीच्या नावाखाली माझ्यासाठी आणलात. मी तेव्हाच ओळखलं होतं, कबूल आज करते. माझी साप्ताहिक सुट्टी होती. तुम्ही म्हणालात, बसा, नाहीतरी घरी भांडीच घासणार. मी बसले ती झोपायच्या तयारीनेच. परदेशातलं शहर, मोठी लढाई सुरू झालेली, पुरुष सगळे आघाडीवर. ट्राम चालवायच्या तर माणसं नाहीत. मग बायकांना टोपी आणि खाकी कोट दिला आणि तिकिटं फाडायला चढवलं. चाचा, ती पहिल्या दिवशी दांडी धरून कशी उभी राहते, गचका बसला की तिचा हात कुठे जातो, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी पाय खाली सोडून बसले. लोक तिला टोमणे मारतात, एक म्हातारा तिच्या हातून तिकीटच घेत नाही. हे माझ्याच बसमध्ये घडलंय.

आणि शेवटी लढाई संपते, पुरुष परत येतात, आणि बायकांचे कोट काढून घेतात. घरी जा म्हणतात. मी उठून उभी राहिले. काढून टाकलं म्हणजे? अशी कशी काढून टाकली? मी तुमच्यावरच ओरडले, जणू तुम्हीच ऑर्डर काढली होती. मयूरी म्हणाली, आई, हे खरंच झालंय, मी पुस्तकात बघितलंय, पिक्चरने थोडं कमीच दाखवलंय. दुसऱ्या दिवशी डेपोत आमच्या एका ड्रायव्हरने बायांच्या ड्यूटीवरून काहीतरी शेरा मारला, त्याला मी त्या ट्रामवाल्या बायकांचा सगळा इतिहास सुनावला. तो म्हणाला, वंदनाताई, एवढं सगळं कुठे शिकलात? मी म्हटलं, शेजारी.

आपलं सगळंच गोडीगुलाबीने चाललं असं नाही. जर्मनीतल्या छळछावण्यांवरचा पिक्चर मी तुम्हाला दाखवू दिला नाही. लहान आहे, म्हणाले. तुम्ही वाद घातलात, मग दोन वर्षं थांबलात. तिला सोळावं लागल्यावर मला बोलावून म्हणालात, आता दाखवतो, पण तुम्ही तिच्या शेजारी बसायचं. आम्ही दोघी हात धरून बसलो. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून दाराकडे तोंड केलं होतं. एकदा पाहिलाय, म्हणालात, पुरे. तेव्हा मला वाटलं, हा माणूस हिला शिकवतोय ते परीक्षेसाठी नाही. पण पुढे काय, हा विचार मी तेव्हा केला नाही. केला असता तर सावध झाले असते.

कारण माझं ठरलेलं होतं. वाघोलीच्या रूटवर रोज इंजिनिअरिंगची मुलं-मुली चढतात. पाठीवर सॅक, कानात तारा, गळ्यात कॉलेजचं कार्ड. मी त्यांचे पास बघते तेव्हा प्रत्येक कार्डावर मला मयूरीचा फोटो दिसायचा. माझ्या बापाचा कापूस, माझी दांडी, आणि तिला एसीतली खुर्ची. एवढी साधी माझी रिळं लागलेली होती. दहावीनंतर तिने मुकाट्याने सायन्स घेतलं, मला वाटलं खूळ गेलं. बारावीची परीक्षा झाल्यावर ती म्हणाली, मला बीए करायचंय, इतिहास. फॉर्म आणते, तू सही कर.

मग तो सोमवार. ड्यूटीवरून आले होते, पाय दुखत होते. तुम्ही दारात चहाचा कप घेऊन बसला होतात आणि तिची वकिली सुरू केलीत. मी विचारलं, इतिहास घेऊन पुढे काय करणार ती? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मला काहीतरी उत्तर दिलं असतंत, शिक्षिका होईल म्हटलं असतंत, तरी चाललं असतं. माहीत नाही म्हणता आणि माझी पोर खड्ड्यात घालता? माझा तोल गेला. "तुमच्या यास्मिनला पाठवलीत का कॉलेजात? तेव्हा कुठे गेला होता तुमचा इतिहास?"

यास्मिन तुमची एकुलती एक. दहावीनंतर तिचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली, एवढंच मला ठाऊक होतं. एवढ्यावर मी घाव घातला. तुम्ही कप खाली ठेवलात. मग माझ्याकडे बघून म्हणालात:

"नाही पाठवली. म्हणून तर सांगतोय."

मी चपला फरफटत घरात गेले. आपलं शेवटचं बोलणं ते.

तुम्ही गेल्यावर मयूरीने कॉलेजचं नावही काढलं नाही. तुमच्या खोलीत जाऊन फुली मारलेल्या आणि न मारलेल्या सीड्या वेगळ्या केल्या, पुसून ठेवल्या. निकाल लागला, नव्वदीच्या घरात. पेढे वाटायला माझा हात उठेना. आठ दिवसांपूर्वी तिने बीएचा फॉर्म भरून, माझ्या सहीची जागा रिकामी ठेवून, फ्रिजवर ठेवला. मी पाहिला. काही बोलले नाही. तीही बोलली नाही. रोज पाणी प्यायला बाटली काढायची आणि तो कागद बघायचा, असं चाललं होतं. मी नाही कुठे म्हणत होते? मी फक्त गप्प होते.

परवा तुमचा चाळिसावा झाला. यास्मिन आली होती. लोक जेवून गेल्यावर आम्ही दोघी मागे भांडी घासायला बसलो. तिने मयूरीच्या कॉलेजचं विचारलं, मी म्हटलं बघू अजून. तर ती आपणहून सांगायला लागली. तिलाही पुढे शिकायचं होतं. मैत्रिणीकडून फॉर्म मागवला होता, तुमच्यासमोर ठेवला होता. "अब्बा नाही म्हणाले नव्हते हो. ते काहीच बोलले नाहीत. तारीख निघून गेली."

चाचा, माझ्या हातातली कढई तशीच राहिली. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला तुमचा राग आला, खरं सांगते, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला. ती पुढे म्हणाली, मयूरीच्या शाळेत जाऊन चूक कबूल केली, ते तुम्ही तिला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तिला वाटलं, आता अब्बा माझ्याबद्दलही काहीतरी म्हणतील. ती फोन कानाला लावून थांबली होती. तुम्ही हवापाण्याचं विचारलंत आणि फोन ठेवलात.

मग मी तिला तो सोमवार सांगितला. मी काय बोलले तेही सांगितलं, लपवलं नाही. आणि तुम्ही काय म्हणालात, तेही. ती राख लावलेल्या हाताने तशीच बसली. मग विचारलं, असंच म्हणाले? शब्द हेच? मी म्हटलं, हेच. तिने पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग डोळे पुसायला पदर घेतला आणि सगळं तोंड राखेने माखून घेतलं, आणि त्या अवतारात आम्ही दोघी हसलो आणि रडलो. तुमचं ते वाक्य मी चाळीस दिवस माझ्या अंगावर आलेला टोला म्हणून सांभाळत होते. ते तिचं होतं. तिला उशिरा मिळालं, पण मिळालं. तुमच्यावरचा माझा राग तिथेच उतरला.

काल सुट्टी टाकली. फ्रिजवरचा कागद उचलला आणि मयूरीला म्हटलं, चल, कपडे बदल. ती इतकी गोंधळली की दोन वेगळ्या चपला घालून निघाली.

कॉलेजात खिडकीमागे एक गृहस्थ होते. त्यांनी मार्कशीट पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. सायन्सची मुलगी, एवढे मार्क, आणि इतिहास? चुकून दुसऱ्या रांगेत तर उभ्या नाही ना राहिलात? मी म्हटलं नाही. मग ते माझ्याकडे वळले, अगदी समजुतीने. "अहो बाई, तुम्ही आई आहात. हे घेऊन पुढे काय करणार ती?"

बघा, माझाच प्रश्न, माझ्याच सुरात, आणि आता मला उत्तर द्यायचं होतं. मयूरी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माहीत नाही. मी कंडक्टर आहे, साहेब. माणसाला त्याच्या स्टॉपवर सोडायचं, तिथे कशाला चाललास ते विचारायचं नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्यांनी नुसतं हं केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बोट ठेवून दाखवलं, इथे, पालकाची सही. मयूरीने माझा कोपर घट्ट धरला होता, तिला म्हटलं, अगं सोड, अक्षर बिघडेल. पूर्ण नाव लिहिलं, माझं, तिच्या बाबांचं, आडनाव. शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

मी पाठवली, चाचा.